शिष्यवृत्तीची तयारी आणि चुकांची वही

पुणे
चि. सौ. भाचीस,

प्राथमिक शाळा संपता संपता मराठी घरांत जिची सर्वांत जास्त चर्चा होते ती परीक्षा म्हणजे शिष्यवृत्ती. ती घेणारी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद पुण्यातलीच. कित्येक वर्षे ही परीक्षा चौथी आणि सातवीला असे. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे वळवण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे मोठ्या भावंडाची जुनी पुस्तके धाकट्याच्या गळ्यात मारण्याची सोय आता राहिलेली नाही. पाचवीच्या संचातला बराच भाग चौथीतल्या मुलाला शाळेत शिकवलेलाच नसतो आणि ते उगाच स्वतःला ढ समजू लागते. अप्पा बळवंत चौकात पुस्तक घेताना किमतीआधी इयत्ता आणि आवृत्तीचे वर्ष पाहावे.

परीक्षेला दोन पेपर असतात. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरला ७५ प्रश्न, १५० गुण आणि दीड तास. एकूण ३०० गुणांपैकी २०० गणित आणि बुद्धिमत्तेचे. एका प्रश्नाच्या वाट्याला ७२ सेकंद येतात आणि त्यातच उत्तरपत्रिकेवर उत्तराचा गोल रंगवायचा असतो. हा हिशेब कळला की तयारीचा क्रम आपोआप ठरतो: पाढे तोंडपाठ असावेत, वाचनाचा वेग हवा, आणि बालभारतीचे पाठ्यपुस्तक स्वाध्यायांसह पुरे झालेले असावे. गाइड आणि सराव प्रश्नपत्रिका त्यानंतर. बहुतेक घरांत मात्र जूनमध्येच गाइडांचा ढीग येतो आणि पाठ्यपुस्तक दप्तराच्या तळाशी जाते.

किती प्रश्नपत्रिका सोडवल्या याला फारसे महत्त्व नाही. सोडवलेल्या प्रश्नपत्रिकेचे पुढे काय झाले याला आहे. त्यासाठी चुकांची वेगळी वही करावी. चुकलेला प्रश्न तिच्यात उतरवावा आणि शेजारी चुकण्याचे कारण मुलानेच लिहावे: प्रश्न नीट वाचला नाही, रीत येत नव्हती, आकडेमोड चुकली की गोल भलताच रंगवला. या चार दुखण्यांवर औषधे चार. रीत येत नसेल तिथे शंभर गणिते घालून काही होत नाही, आणि प्रश्नातला ‘नाही’ हा शब्द सुटत असेल तर रीत पुन्हा शिकवणे म्हणजे वेळेची नासाडी.

बुद्धिमत्तेतला रांगेचा नेहमीचा प्रश्न घ्यावा. रांगेत एक मुलगी डावीकडून बारावी आणि उजवीकडून नववी आहे, तर रांगेत एकूण किती मुली? मूल बारा आणि नऊ मिळवून एकवीस सांगते. ‘एक वजा करायचा’ असे सूत्र त्याला लगेच दिले, तर पुढच्या वेळी ते भलत्या ठिकाणीही एक वजा करते. त्याऐवजी ताटात पाच शेंगदाणे ओळीने मांडावेत. मधला दाणा डावीकडून तिसरा, उजवीकडूनही तिसरा. बेरीज सहा, दाणे मात्र पाच. तो मधला दाणा दोनदा मोजला गेला हे मूल स्वतःच सांगते. मग एकूण वीस हे उत्तर पाठ करावे लागत नाही.

उत्तरपत्रिकेची सवय हा वेगळाच भाग आहे, आणि हुशार मुले गुण गमावतात ती बरेचदा इथेच. एक प्रश्न सोडून पुढे गेले आणि गोल मात्र सोडला नाही, की पुढची सगळी उत्तरे एकेक घर सरकतात. गोल बॉलपेनने रंगवायचा असल्याने खोडून भागत नाही. दर पाच प्रश्नांनंतर प्रश्नाचा आणि गोलाचा क्रमांक जुळवून पाहण्याची सवय सरावातच लावावी. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणून शेवटच्या मिनिटांत एकही गोल रिकामा ठेवू नये.

रोज पाऊण तास पुरतो. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवावा आणि दुसऱ्या दिवशी फक्त चुका पाहाव्यात. परीक्षेआधीच्या महिन्यात नवे काही काढू नये.

सदाशिव पेठेतल्या ज्ञानप्रबोधिनी प्रशालेत पाचवीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या चाचणीची गोष्ट निराळी आहे. तिथे शिकलेल्यापेक्षा विचार करण्याची पद्धत पाहिली जाते. तिच्यासाठी घोकंपट्टीचे क्लास लावणे व्यर्थ. पाचवीच्या वार्षिक परीक्षेचेही आता भान ठेवावे. डिसेंबर २०२३ च्या शासननिर्णयाने ती पुन्हा आली आहे. अनुत्तीर्ण मुलाला पुनर्परीक्षा मिळते, पण तीतही अपयश आले तर त्याच वर्गात बसावे लागते.

शिष्यवृत्तीचा निकाल लागण्याआधी परिषद संकेतस्थळावर अंतरिम उत्तरसूची देते आणि ठरावीक मुदतीत आक्षेप मागवते. उत्तर चुकीचे वाटले तर पाठ्यपुस्तकाच्या आधारासह आक्षेप मुदतीतच नोंदवावा. अंतिम सूची लागल्यावर त्याचा उपयोग नसतो.

कळावे.
तुझी मावशी