शब्द पाळण्यासाठी भरलेल्या पेट्या

आमची बाग पावसच्या रस्त्याला, सड्यावर आहे. सडा म्हणजे नुसता कातळ. आबांनी सुरुंग लावून त्यात खड्डे पाडले, खालच्या मळ्यातून टोपल्यांनी माती वाहून ते भरले आणि हापूसची कलमं लावली. पहिली काही वर्षं उन्हाळ्यात कावडीने पाणी घातलं. ही गोष्ट ऐकत मी लहानाचा मोठा झालो, आणि धंद्यात पडल्यावर गिऱ्हाइकांना तीच सांगून पेट्या विकल्या. म्हणून २०१५ च्या एप्रिलात मी काय केलं ते लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं. थेट विक्री कशी करायची, गिऱ्हाईक कसं जोडायचं हे विचारायला आमच्याकडची तरुण मुलं येतात, त्यांनाही मी आधी हेच सांगतो.

आबा आंबा वाशीला पाठवायचे. गाडी भरून गेली की भाव आपल्या हातात राहत नसे. पुढे कधीतरी दलालाची पट्टी यायची, तीत अडत, हमाली, भाडं वजा होऊन उरलेला आकडा असायचा, आणि तो बघून आबा काही न बोलता अंगणात जाऊन बसायचे. हे मला मोडायचं होतं. पुण्यातल्या घरांत थेट पेटी पोचवायची, आपलं नाव त्या खोक्यावर असलं पाहिजे, ही माझी जिद्द. पाच-सहा वर्षांत साठ घरं जोडली. कर्ज काढून पिकअप घेतली. त्या जिद्दीत वाईट काहीच नव्हतं असं मी आजही म्हणतो. मोठं व्हावंसं वाटणं हा दोष नव्हे. आमच्या रत्नागिरीतच भागोजीशेठ कीर होऊन गेले. गरीब घरात जन्मले, मुंबईत बांधकामाच्या कंत्राटात भरपूर पैसा मिळवला, आणि त्याच पैशातून १९३१ साली इथे सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं. दादरची शिवाजी पार्कची स्मशानभूमीही त्यांच्याच दानातली. आबा त्या देवळावरून जाताना हात जोडायचे ते देवाला आणि शेटजींनाही, असं मला नेहमी वाटे.

तर २०१५. जानेवारीत मोहोर असा फुटला होता की झाडाचं पान दिसेना. तो बघूनच मी २४० पेट्यांचं बुकिंग घेतलं, निम्मे पैसे आगाऊ. फेब्रुवारी सरता सरता आणि मार्चच्या पहिल्या दिवशी अवकाळी पाऊस कोसळला. मागचा मोहोर काळा पडला, करपा आला, वाटाण्याएवढी, सुपारीएवढी कैरी झाडाखाली पसरली. आदल्याच वर्षी युरोपने आपल्या हापूसवर बंदी घातल्याने भाव पडले होते, ती उठून दोन महिने होत नाहीत तोवर हे. मोजून बघितलं तर पाच डझनी पेट्या जेमतेम ११० भरतील असा अंदाज निघाला.

मला नीट सांगायचं आहे ते इथलं. त्या वेळी माझ्या मनात पैशाचा लोभ होता असं मी म्हणणार नाही. मनात होतं ते हे : मी शब्द दिलाय. आबांनी कधी शब्द मोडला नाही, मी कसा मोडू? साठ घरांना नाही म्हटलं तर घराण्याचं नाव जाईल. म्हणजे एक चांगली गोष्टच माझ्यापुढे उभी होती, आणि तिच्या आडून मी खोटेपणाकडे गेलो. लोभाने आलेला माणूस निदान स्वतःला ओळखतो. शब्द पाळायला निघालेल्याला आपण चुकतोय हे कळतच नाही, उलट आपण फार मोठं काम करतोय असं वाटतं.

एक व्यापारी कर्नाटकातला हापूस निम्म्याहून कमी भावात द्यायला तयार होता. टेम्पो रात्री साडेअकराला आला. गाडीचे दिवे खालच्या वळणावरच बंद केले होते, ते मीच सांगितलं होतं. तो आंबा वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. तिकडच्या शेतकऱ्यानेही तो घाम गाळूनच पिकवलेला. पण तो आमचा नव्हता. साल जाड, गर केशरीऐवजी पिवळट, आणि आढीतला आमचा आंबा जसा अख्ख्या घराला सांगून पिकतो तसा त्याचा वास नाही. खोपीत पेंढा पसरला, पेट्या उघडल्या. खालचे थर त्याचे, वरचा थर आमचा, असं ठरलं. आमचा जुना गडी, आबांच्या वेळेपासूनचा, दोन आंबे हातात घेऊन बसला होता. एक नाकाशी नेला, दुसरा नेला. मग दोन्ही खाली ठेवून म्हणाला, "भाऊ, ही पेटी माज्या हातून नाय भरायची." आणि उठून विहिरीकडे गेला. मी त्याला हाक मारली नाही. बाकीच्या पेट्या मी आणि व्यापाऱ्याच्या माणसांनी भरल्या. त्याच माणसांनी कार्बाइडच्या पुड्याही काढल्या होत्या. त्या तेवढ्या मी परत केल्या, आणि त्या रात्री तेवढ्यावरच स्वतःला प्रामाणिक समजलो.

पेट्या गेल्या. तक्रार एकाचीही आली नाही. पुण्याला सदाशिव पेठेत एक निवृत्त शिक्षिका आहेत, पहिल्या वर्षापासूनच्या. मी दुसऱ्या खेपेला त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "यंदा आंब्याला वास नाही हो." आवाजात संशय नव्हता. मी म्हटलं, "बाई, पाऊस झाला ना." त्या थांबल्या. म्हणाल्या, "हो, पेपरात वाचलं मी. तुमचं तर कंबरडंच मोडलं असेल." आत गेल्या, पाचशेची नोट घेऊन आल्या आणि माझ्या हातात कोंबली. "पेटीचे दिलेत, हे वेगळे. झाडांना खत घाला." ती नोट मी घेतली. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. खंबाटकी घाट उतरेपर्यंत ती खिशात हाताला लागत होती.

त्या रात्रीनंतर मी काय शिकलो ते आता या मुलांना सांगतो. मोहोर बघून बुकिंग घेऊ नका. कैरी अंड्याएवढी झाली, गळ थांबली की झाडं मोजा, आणि मोजलेल्याच्याही तीन चतुर्थांश बोला. आगाऊ पैसे घेतले असतील तर ते वेगळ्या खात्यात राहू द्या, कारण परत करायला पैसे नसले की माणूस खोटं बोलायला मोकळा होतो. माझं तेच झालं होतं, आगाऊ रक्कम पिकअपच्या हप्त्यात आणि फवारणीत गेली होती. शब्द मोडायची वेळ आली तर पहिल्या आठवड्यात फोन करून मोडा. "पाऊस झाला, निम्मीच पेटी मिळेल, पैसे परत देतो," एवढं वाक्य बोलायला पाच मिनिटं लागतात. लोक चिडतात, पण पावसाळ्यापर्यंत विसरतात.

घाईही तशीच. सीझनच्या पहिल्या पेटीला भाव मिळतो म्हणून कोवळा आंबा उतरवणारे मी बघतो. चौदा आणे तयार झालेला आंबा झेल्याने, देठ राखून काढायचा आणि पेंढ्यात आठ-दहा दिवस पिकू द्यायचा. कार्बाइड कायद्याने बंद आहे. घाई असेलच तर इथिलीनच्या चेंबरला परवानगी आहे, मग पुडी कशाला? २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांचं. ते मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले गेले. मला मात्र त्या दिवशी खोपीतला तो थर आठवला. कागदावरचं नाव सरकारने राखलं, पेटीतलं राखायचं तर आपल्यालाच.

आणि एक. आपल्याला नाही म्हणू शकेल असं एक माणूस धंद्यात जवळ ठेवा. ते पगारी असेल, कमी शिकलेलं असेल, त्याला कोणी विचारतही नसेल. त्याने हात आखडला की आपला थांबवा. त्या वर्षी माझ्याकडे असं माणूस होतं आणि मी त्याच्याकडे पाठ केली. पुढच्या हंगामात मी विहिरीवर जाऊन त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "पेंढा ओला हाय, आधी सुकवूया." तेवढंच.

साठही घरांना मी २०१६ च्या मार्चमध्ये फोन केले. मागच्या वर्षी खालचे थर आपले नव्हते, हे सांगितलं, फरक परत देतो म्हणालो. अकरा घरांनी पुन्हा आंबा घेतला नाही, आणि ते बरोबरच होतं. एका गृहस्थांनी फोनवर मला बराच वेळ सुनावलं, मी ऐकून घेतलं. घरात बायको म्हणाली, कोणाला कळलं नव्हतं, कशाला उकरायचं? आबा खाटेवर होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, आणि फोनची डायरी माझ्या बाजूला सरकवली.

बाईंना मात्र फोनवर सांगणं जमेना. एप्रिलात पुण्याला गेलो तेव्हा दारातच उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि पाचशेची नोट पुढे केली. त्या बराच वेळ त्या नोटेकडे बघत राहिल्या. मग ती घेऊन चष्म्याच्या डबीत घडी घालून ठेवली.

"यंदा किती येतील?" त्यांनी विचारलं.

"दोनच डझन देऊ शकेन, बाई."

"चालेल. पिकलेले नको, आढी मीच घालेन."