दुःखी माणसाचें बोलणें
(शास्त्रपाठ : रूथ, अध्याय १ व २)

दुष्काळामुळें नामी आपला पति व दोन पुत्र यांसह बेथलेहेम सोडून मवाब देशीं गेली. तेथें ते तिघेही वारले. सुमारें १० वर्षांनीं ती परतली, तेव्हां आपण भरलेली गेलों व रिकामी आलों, असें तिनें गांवच्या बायांस सांगितलें. माहेर व देश सोडून तिची सून रूथ तिच्यासोबत आली होती. तरी सासूच्या त्या हिशेबांत तिचें नांवही नव्हतें!

रूथ रुसली असें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. सातूची कापणी चालू होती. सासूला विचारून ती सरवा वेचावयास गेली, संध्याकाळीं सुमारें एक एफा सातू घरीं आणिले आणि स्वतःच्या जेवणांतून उरलेला हुरडा सासूपुढें ठेविला. मग त्याच नामीच्या मुखीं देवाच्या दयेची गोष्ट आली.

आमच्या मंडळ्यांतही आजारी किंवा शोकग्रस्त माणूस कधीं कधीं सेवा करणारासच कठोर बोलतें, आणि त्या एका शब्दावरून घरांत वर्षानुवर्षें अबोला राहतो. बंधुभगिनींनो, दुःखाच्या भरांत निघालेला शब्द जमाखर्चांत मांडूं नये. उत्तर देण्याआधीं चूल पेटवावी, औषध द्यावें, जवळ बसावें.

मात्र सर्व भार एकट्या सुनेवर टाकूं नये. नातलग बवाजानें रूथेसाठीं शेतांत मुद्दाम कणसें टाकविलीं. सेवा करणाराचे हात बळकट करणें हें इतर आप्तांचें कर्तव्य आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रश्न : दुःखांत बोललेला कोणाचा शब्द आपण अजून मनांत धरून आहों?