पहिला सेल्फ घाईने मारू नकोस

अगं, सासऱ्यांची जुनी पिकअप पुन्हा चालू करायची म्हणालीस, ऐकून फार बरं वाटलं. आपला माल आपल्याच गाडीतून मार्केटला नेलास, तर भाड्याचे पैसे घरातच राहतील. पण ताईचं एवढं ऐक. तीन-चार वर्षं शेडमध्ये उभ्या असलेल्या डिझेल गाडीला चावी मारायची घाई करू नकोस. कुणी म्हणेल, "ट्रॅक्टरला बांधून ओढू, होईल चालू." त्यांना सरळ नाही म्हण.

इतक्या दिवसांत ऑइल सगळं खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. सिलिंडर कोरडे पडतात, पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असू शकतात. तशीच ओढलीस तर रिंग तुटते, लायनरवर ओरखडे पडतात आणि अख्खं इंजिन उतरवायची वेळ येते.

आधी बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, एअर फिल्टरमध्ये घर केलंय का ते बघ. ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे टाक. मग गाडी न्यूट्रलला, चाकांना दगड, बॅटरीची वायर काढलेली, अशा स्थितीत क्रँक पुलीच्या नटाला पान्हा लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरव. न अडखळता फिरलं की अर्धी चिंता मिटली. अडलं तर जोर लावायचा नाही. मेकॅनिककडून नॉझल काढून घे, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोड आणि रात्रभर तसंच मुरू दे.

आता डिझेल. अर्धवट भरलेल्या टाकीत ओल धरते. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि त्यावर जंतू वाढून काळपट चिकटा तयार होतो. डिझेल पंपाचं वंगण म्हणजे डिझेलच. तिथे पाणी पोचलं की पंप आणि नॉझल दोन्ही गंजतात, आणि तो खर्च मोठा असतो. म्हणून जुनं डिझेल वाचवायचा मोह नको. टाकी उतरवून धुऊन घे, फिल्टर नवा बसव, तडकलेले रबरी पाइप बदल. मग हातपंप मारून फिल्टरवरच्या स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढ. गाडी कॉमन रेलची असेल तर नॉझलच्या पाइपांना स्वतः हात लावू नकोस. तिथली डिझेलची धार कातडीतून आत घुसते.

जुन्या पंपाची गाडी असेल तर स्टॉप केबल ओढून धर आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मार, मधे सेल्फला थंड होऊ दे. ऑइलचा दिवा विझला की केबल सोड. त्या वेळी एअर फिल्टरच्या तोंडाशी जाड फळी घेऊन कुणाला तरी उभं कर. पंप अडकून इंजिन सुसाट सुटलं तर चावी काढूनही ते थांबत नाही, हवेचं तोंड दाबूनच थांबवावं लागतं. तिथे हात मात्र लावायचा नाही. आणि एअर फिल्टरमध्ये पेट्रोल किंवा स्प्रे मारायला कुणालाही देऊ नकोस. त्याचा भडका अवेळी होतो आणि पिस्टन फुटतात.

इंजिन लागलं की सुरुवातीला पांढरा धूर येईल, घाबरू नकोस. पण ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद कर.

एवढं झालं तरी गाडी रस्त्यावर काढू नकोस. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते बदल आणि चारही चाकांचे ब्रेक उघडून तपासून घे. टायरवरचे चार आकडे वाच: 1218 म्हणजे 2018 सालचा बारावा आठवडा. टायर जुना, भेगाळलेला असेल तर नक्षी कितीही खोल दिसो, तो बदलायचाच. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो. तो, इन्शुरन्स आणि पीयूसी हातात आल्याशिवाय माल भरू नकोस.

पैसे कमी पडले तर रंगकाम आणि हौद्याचं काम पुढे ढकल. ब्रेक आणि टायरवर मात्र एक रुपयाही वाचवू नकोस. घाटात भरल्या गाडीला तेच सांभाळतात.