परक्या युद्धाचे नाटक आपल्या रंगमंचावर : रूपांतराचा विचार

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• भाषांतर व रूपांतर यांतील फरक सांगता येईल.
• रूपांतरात काय बदलावे व काय राखावे, याचा निर्णय सकारण घेता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मोरोपंतांनी (१७२९–१७९४) बारामतीत राहून महाभारत आर्यावृत्तात रचले. कुरुक्षेत्र स्थळाने व काळाने दूर होते. परंतु भाऊबंदकी आणि पुत्रशोक श्रोत्यांच्या ओळखीचे होते. दूरचे युद्ध जवळचे वाटते ते अशा ओळखीमुळे. आता समजा, बारामती किंवा इंदापूर येथील एखाद्या शाळेने स्नेहसंमेलनासाठी दुसऱ्या महायुद्धाशी निगडित अमेरिकी नाटक निवडले, तर ते मराठीत कसे आणावे?

विषयविवेचन

उदाहरणादाखल आर्थर मिलर यांचे 'ऑल माय सन्स' हे नाटक घेऊ. त्याचा पहिला प्रयोग जानेवारी १९४७ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला. कारखानदार जो केलर युद्धकाळात विमानांच्या इंजिनांचे तडा गेलेले भाग जाणूनबुजून पाठवतो. त्यामुळे २१ वैमानिक मरतात. शिक्षा मात्र त्याच्या भागीदाराला होते. केलरचा एक मुलगा युद्धात बेपत्ता आहे. आई त्याची वाट पाहते. आपण जे केले ते मुलांसाठीच, असे केलरचे समर्थन असते. बेपत्ता मुलाने बापाच्या कृत्याच्या लाजेने मरण पत्करले, हे अखेर त्याच्याच पत्रातून कळते आणि ते समर्थन कोसळते.

भाषांतरात पात्रे, स्थळ व काळ मूळचेच राहतात. बदलते ती भाषा. रूपांतरात आशयबीज राखून भोवतीचे जीवन बदलले जाते. पु. ल. देशपांडे यांनी शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' (१९७५) लिहिले. त्यात लंडनची फुलवाली मराठी झाली. पण बोलीवरून माणसाची पायरी ठरवणारा समाज हे बीज कायम राहिले.

केलरच्या अंगणात बेपत्ता मुलाच्या आठवणीसाठी लावलेले सफरचंदाचे झाड वाऱ्याने मोडून पडते. त्याजागी आंब्याचे कलम सहज येईल. कारखाना आणि विमान हा संबंधही इंदापूरच्या प्रेक्षकाला अनोळखी नाही. याच तालुक्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली. पुढे युद्धकाळात तेथे अमेरिकी विमानांची दुरुस्ती होत असे. अर्थात, रूपांतरातील दोषी कारखाना पूर्णतः काल्पनिकच असावा.

खरी अडचण काळाची आहे. अमेरिकी प्रेक्षकाच्या दृष्टीने ते युद्ध स्वतःच्या देशाचे होते. म्हणून केलरचा अपराध हा आपल्याच माणसांचा विश्वासघात ठरतो. भारतातून सुमारे २५ लाख सैनिक त्या युद्धात सामील झाले. परंतु देश पारतंत्र्यात होता आणि १९४२ मध्ये 'छोडो भारत' आंदोलन पेटले होते. कथानक त्या काळातील इंदापुरात नेल्यास 'हे युद्ध नेमके कोणाचे?' हा दुसराच प्रश्न पुढे येतो आणि मूळ प्रश्न झाकोळतो. १९६५ किंवा १९७१ चे युद्ध घेतल्यास वैमानिक 'आपले' होतात व नाटकाचा पेच टिकतो. आंब्याचे कलम सोपे असते. काळ निवडताना मात्र रूपांतरकाराची कसोटी लागते.

शालेय प्रयोगात शेवट सौम्य करण्याचा मोह होतो : केलरने क्षमा मागावी आणि पडदा पडावा. असे केल्यास २१ मृत्यूंची किंमत एका माफीवर भागते. मूळ नाटकातही केलरचा मृत्यू रंगमंचावर दिसत नाही. केवळ गोळीचा आवाज ऐकू येतो. त्यामुळे दृश्य भडक न करताही परिणाम राखता येतो. मात्र कुमारवयीन कलावंतांशी शिक्षकाने या शेवटाविषयी आधी मोकळेपणाने बोलणे अगत्याचे आहे.

सारांश

रूपांतरात नावे, झाडे, घरे बदलावीत. नैतिक पेच बदलू नये. 'माझे घर' आणि 'इतरांची मुले' यांतील भिंत पडणे, हे या नाटकाचे बीज आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. भाषांतर व रूपांतर यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. प्रस्तुत नाटकासाठी आपण कोणता काळ निवडाल? कारणे द्या.
३. केलरच्या समर्थनाचा संवाद आपल्या परिसरातील बोलीत दहा ओळींत लिहा.