दाभोळचा करार : सरकार बदलले, शर्ती राहिल्या

विजेच्या धोरणावर पक्षांचे भांडण कसे चालते, हे दाभोळच्या प्रकल्पावरून नीट समजते. डिसेंबर १९९३ मध्ये काँग्रेसच्या राजवटीत राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी करार केला. शिवसेना-भाजप युतीने त्याविरुद्ध प्रचार केला, सत्तेवर येताच ऑगस्ट १९९५ मध्ये तो रद्द केला. मग १९९६ मध्ये त्याच युतीने पुन्हा मान्य केला, तोही दोन्ही टप्प्यांसह!

आम्ही भाषणे बाजूला ठेवून शर्ती पाहतो. खरी गोम तिथेच आहे. वीज उचला वा न उचला, यंत्रे तयार असली की मंडळाने मोठी ठरीव रक्कम भरायचीच. समजा, मागवाल्याशी आपण सौदा केला की तागे नेले नाहीत तरी मागाचे भाडे देऊ, आणि तेही डॉलरच्या भावाने. मंदी आली, रुपया घसरला, तर दोन्ही तोटे घेणाऱ्याच्या माथी. फेरकरारात दर उतरवल्याचा गाजावाजा फार झाला. ही शर्त मात्र राहिली. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली, मे २००१ मध्ये मंडळाने घेणे थांबवले. त्याच डिसेंबरात एन्रॉनने अमेरिकेत दिवाळे काढले.

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यांनी लांब मुदतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : न उचललेल्या मालाचे पैसे कोणाचे, भाव कोणत्या चलनात, आणि तंटा कुठे मिटवायचा? दाभोळचा लवाद लंडनला ठरला होता.