नॅकच्या फायलींनी शिकवलेलं

१. नॅकची, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषदेच्या मूल्यांकनाची, तयारी म्हणजे भिंतींची रंगरंगोटी नव्हे, हे आयक्यूएसीचं, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, काम अंगावर आल्यावर कळलं. लोकांना दिसायचं ते पीअर टीमचं, म्हणजे पाहणीला येणाऱ्या समितीचं, स्वागत, पुष्पगुच्छ, पाहुण्यांसाठीची सांस्कृतिक संध्याकाळ. पण २०१७ पासून बहुतेक गुण आकड्यांवर ठरू लागले. आधी महाविद्यालय स्वतःचा अहवाल, म्हणजे एसएसआर, लिहायचं. मग डीव्हीव्हीत, म्हणजे माहितीच्या पडताळणीत, एकेका आकड्याचा पुरावा मागितला जायचा, विद्यार्थ्यांना प्रश्नावली थेट ईमेलवर जायची, आणि त्यानंतर समिती दारात यायची. तोवर बरंच काही ठरून गेलेलं असायचं.

२. नोंद नसलेलं काम कागदावर झालेलंच नसतं. आमचे एक सहकारी वर्षानुवर्षं एनएसएसच्या मुलांना घेऊन गावात बंधारे घालत आले. हातात उरलं होतं वर्तमानपत्रातलं एक कात्रण, तेही बिनतारखेचं. हजेरीपत्रक नाही, जिओटॅग फोटो नाही. बंधाऱ्यात पाणी मात्र दर पावसाळ्यात साठतं. अशा माणसांसाठी माझा जीव तुटतो. म्हणूनच आता कार्यक्रमाचा अहवाल त्याच आठवड्यात लिहून घ्यायचा, हा माझा आग्रह असतो.

३. ग्रंथालयातलं ये-जा रजिस्टर एवढं बोलकं असेल असं वाटलं नव्हतं. परीक्षेच्या तोंडावर पानं भरलेली, एरवी दिवसाला चार-पाच सह्या, त्यातही शिक्षकांच्या मोजक्याच. कपाटं किती, पुस्तकं किती, हे आम्ही अभिमानाने सांगत होतो; वाचतं कोण, हे त्या रजिस्टरने सांगितलं. त्यानंतर तासिकांच्या वेळापत्रकातच ग्रंथालयाचा तास घातला गेला.

४. सगळ्यात जड गेला तो नॅकचा पाचवा निकष, विद्यार्थी प्रगतीचा. पदवी घेऊन गेलेली मुलं पुढे काय करतात? प्रवेश अर्जांवरचे नंबर काढून आम्ही फोन लावत बसलो. निम्मे नंबर बंद. एक जण एमआयडीसीत कंत्राटी कामावर, एक एम.ए. करत असलेली, एकीच्या आईने सांगितलं, ‘लग्न झालं तिचं, आता सासरी आहे.’ आणि कितीतरी जण ‘तयारी करतोय, सर’ म्हणाले. स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांसाठी तक्ता असतो, नोकरी लागलेल्यांसाठी असतो. तयारी करणाऱ्यांसाठी नसतो. तीन वर्षं ज्यांना शिकवलं, त्यांचं पुढे काय झालं हे विचारायला नॅकचा एक रकाना यावा लागला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आता निकालाच्या दिवशीच दोन नंबर लिहून घेतो, एक घरचा.

५. श्रेणी ही महाविद्यालयाची पूर्ण ओळख नसते. बंगळुरूची नॅक १९९४ साली स्थापन झाली, आणि आपल्याकडे दारावरची ‘ए’ किंवा ‘बी प्लस प्लस’ हीच खूण बनली. या श्रेणी पद्धतीत संलग्न महाविद्यालयांसाठी हजार गुणांपैकी ३५० अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाला होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. डॉ. के. राधाकृष्णन समितीच्या शिफारशींनंतर, श्रेणीऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ अशी पद्धत आणण्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. त्याने अक्षरांची शर्यत थांबेल, असं मला वाटतं. प्रामाणिक नोंदींची गरज मात्र तेवढीच राहील.

६. पालकांना एक विनंती. प्रवेश घेताना फलकावरची श्रेणी वाचून थांबू नका. महाविद्यालयाचा एसएसआर त्याच्या संकेतस्थळावर असतो. तो उघडा, विद्यार्थी प्रगतीचं प्रकरण काढा, आणि मागच्या पाच वर्षांची मुलं कुठे गेली ते प्राचार्यांना विचारा.