व्यसनमुक्ती : कायदा काय सांगतो, उपचार काय मागतो

व्यसनाधीन रुग्णाचे नातेवाईक नोंदणी खिडकीवर येतात, तेव्हा आजाराविषयी विचारण्यापूर्वी बहुधा एकच प्रश्न करतात : "पोलिसांत नाव तर जाणार नाही ना?" या धास्तीपायी उपचारास विलंब होतो व आजार बळावतो. यास्तव कायद्यातील तरतुदी आमचे विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर थोडक्यात मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नागपूरलगतचा वर्धा जिल्हा गांधीजींची कर्मभूमी म्हणून दारूबंदीचा जिल्हा आहे. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठविण्यात आली. बंदी असावी की नसावी, याविषयी समाजात मतभेद आहेत. त्यावर निवाडा देणे रुग्णालयाचे काम नव्हे. तथापि दुकान उघडे असो वा बंद, जडलेले व्यसन त्याबरोबर उघडत वा मिटत नाही, हे सत्य दोन्ही पक्षांनी ध्यानी घ्यावयास हवे.

दीर्घकाळ दारू घेणाऱ्याच्या मेंदूला तिची सवय झालेली असते. ती एकाएकी तुटली म्हणजे पहिल्या दोन दिवसांत कंप, घाम, निद्रानाश व फिट येण्याचा संभव असतो. पुढे काहींना भ्रम होतो व उपचार न मिळाल्यास प्राणही जातो. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीमुळे दारूची दुकाने बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सॅनिटायझर प्यायल्याने सात जण दगावले. गडचिरोलीत २०१६ पासून सुरू झालेल्या 'मुक्तिपथ' उपक्रमात बंदीची अंमलबजावणी, गावसंघटन व जनजागृती यांच्या जोडीला उपचारासही स्थान देण्यात आले, ते याच कारणाने.

आता कायद्याकडे वळू. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या अधिनियमातील कलम ६४-अ नुसार, ज्याच्यावर सेवनाचा वा अल्प प्रमाणातील गुन्ह्याचा आरोप आहे असा व्यसनी मनुष्य स्वेच्छेने शासकीय वा शासनमान्य संस्थेत उपचार घेईल, तर सेवनाच्या व अल्प प्रमाणातील गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला भरला जात नाही. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीस तिच्या संमतीने, शिक्षेऐवजी प्रथम उपचारासाठी पाठविण्याचा अधिकार कलम ३९ ने न्यायालयास दिला आहे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने दारू व अमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांत केला. त्यामुळे कायद्यातील मोजके अपवाद वगळता अशा रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. त्यास साखळीने बांधून ठेवण्यास सक्त मनाई आहे. अपघात वा मारहाणीच्या प्रकरणांची वैद्यकीय-कायदेशीर नोंद ही बाब निराळी. तिचा व्यसनोपचाराशी संबंध जोडू नये.

कायद्याने दार उघडले. परंतु आत येणारे किती? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीस काही उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार घेणारी व्यक्ती १८० मध्ये एक असते. भीती व लोकलज्जा ही याची कारणे आहेतच. पण खर्च हेही एक कारण आहे. मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच विमा असावा, असे २०१७ चा अधिनियम म्हणतो. तरीही अनेक विमा पॉलिसींत व्यसनावरील उपचार वगळल्याचे कलम आढळते. घरातील कमावता मनुष्यच अंथरुणाला खिळलेला, वरून उपचारांचा सारा भार कुटुंबावर, अशी ही दुहेरी तूट आहे. ती भरून काढण्याचे काम आज धर्मादाय रुग्णालयांकडे व पर्यायाने दात्यांच्या औदार्याकडे येते. व्यसनमुक्तीच्या खाटेसाठी दिलेली देणगी एका रुग्णापुरती राहत नाही. त्याची पत्नी, मुले व वृद्ध आईवडील यांच्याही खाती ती जमा होते.

कुटुंबीयांस आमची विनंती एवढीच की, दारू घरी परस्पर बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावी. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. उपचारानंतर पुन्हा व्यसन जडल्यास रुग्णास दोष देऊन घराबाहेर काढू नये, तर पुन्हा उपचारास आणावे. मधुमेहाची साखर वाढली म्हणून आपण रुग्णास टाकून देत नाही. येथेही तोच न्याय लावावा.